उजेडाचं अंदाजपत्रक

हिवाळ्यात युरोपला निघालेल्या माणसाला सगळेजण थंडीची भीती घालतात. अंधाराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. थंडीवर उपाय असतो. थर्मल मिळतात, कानटोपी मिळते, आणि तिकडची घरं, दुकानं, रेल्वेचे डबे आतून इतके उबदार असतात की शिरल्याबरोबर अंगावरचे थर उतरवत बसावं लागतं. दुपारी चारला मावळलेला सूर्य मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवत आले. अक्षांश वाढले की हिवाळ्यातला दिवस आखडतो, हे पोरींकडून इतकं घोकून घेतलं की निवृत्तीनंतर स्वतःची सहल आखायला बसले तेव्हा कागदावर पहिलं तेच उतरलं. गेल्या फेब्रुवारीत नणंदेला घेऊन व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट पाहून आले. तेव्हापासून गावातली निवृत्त मंडळी ‘प्लॅन पाठवा’ म्हणून मागे लागली आहेत. प्लॅन पाठवायला माझी हरकत नाही. पण त्यामागचा हिशोब समजून न घेता नुसता प्लॅन नेला, तर त्यात कोणीतरी हमखास आणखी दोन देश घुसडणार, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे परदेश सहलीचा जो साचा रुळला आहे, तो मे महिन्याच्या उजेडावर बेतलेला आहे. तोच साचा जानेवारी-फेब्रुवारीत ‘ऑफ-सीझन सवलत’ म्हणून विकला जातो, तेव्हा दर कमी होतो हे खरं. पण माल त्याहून जास्त कमी झालेला असतो.

आकडेच बघा. साताऱ्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे ‘एक दिवस’ म्हणजे नेमका किती, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. व्हिएन्ना ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या अखेरीस साडेपंधरा तास उजेड असतो आणि रात्री साडेआठलाही दिवस शिल्लक असतो. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास तोच दिवस साडेआठ तासांचाही भरत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर तो सव्वादहा तासांवर येतो आणि महिनाअखेर अकराच्या जवळ जातो. त्या महिन्यात दिवस रोज सुमारे तीन मिनिटांनी वाढतो. म्हणजे सहल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याऐवजी शेवटच्या आठवड्यात नेली, तर रोज तासभर उजेड जास्त पदरात पडतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आता यावर तो नेहमीचा कार्यक्रम ठेवून बघा. सकाळी आठला बस, दुपारपर्यंत एक शहर, जेवण, दुसरं शहर, संध्याकाळी तिसऱ्या गावी मुक्काम. साडेपंधरा तासांच्या दिवसात हे दमवणारं असलं तरी जमतं. दहा तासांच्या दिवसात दुसरं शहर गाठेपर्यंत सूर्य कलतो आणि तिसऱ्यात फक्त पथदिवे दिसतात. बसच्या काचेतून ते दिवे पाहिले की कागदावर ‘शहर दर्शन’ झाल्याची खूण होते. मग माणसं परत येऊन सांगतात की हिवाळ्यात युरोपात बघण्यासारखं काही नसतं. असतं. बघायला नेलं अंधारात, त्याला युरोप काय करणार?

म्हणून माझा पहिला नियम: आधी उजेडाचे तास मांडायचे, मग त्यात देश बसवायचे. नणंदेला हे पटवताना मात्र घाम फुटला. तिच्या वहीत व्हिएन्नाबरोबर प्राग होतं, स्वित्झर्लंडचा बर्फ होता आणि शेवटी पॅरिस होतं.

“वहिनी, एवढे पैसे घालून जायचं आणि पॅरिस नाही? लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग, पॅरिस पुढच्या खेपेला. पॅरिसला जाण्यात एक दिवस मोडेल. त्या दिवसाचे दहा तास कुठून आणतेस?”

व्हिएन्नाहून प्रागला रेल्वेने चार तास, तेवढेच परतीचे. ब्रातिस्लाव्हा मात्र साठेक किलोमीटरवर, म्हणजे तासाभराची गाडी. बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं तेव्हा प्राग तिने स्वतःच्या हाताने खोडलं. स्वित्झर्लंड त्याच्या पाठोपाठ गेलं, त्याचं कारण पुढे सांगते. उरली तीन शहरं, तीन देश, एकाच डॅन्यूब नदीच्या काठावरची. दोन देशांत युरो चालतो आणि हंगेरीत फोरिंट, एवढाच काय तो गुंता.

दुसरा मुद्दा ‘ऑफ-सीझन’ या गोष्टीचाच. थंडी पडली की सगळीकडे ऑफ-सीझन असं आपण धरून चालतो. पण डिसेंबरचा शेवट तिकडे ऐन हंगाम असतो. नाताळचे बाजार पाहायला जग लोटतं, खोल्यांचे भाव चढतात, आणि वर्षातला सर्वांत कमी उजेडही तेव्हाच असतो. शिवाय सुट्टी मिळाली म्हणून २६ डिसेंबरला विमानात बसणाऱ्यांना ठाऊक नसतं की त्यातले बहुतेक बाजार तोवर आवरलेले असतात. खरी उतरण लागते ६ जानेवारीची सुट्टी उलटल्यावर. तेव्हापासून मार्चच्या मध्यापर्यंत शहरं मोकळी असतात.

शहरं म्हणाले, डोंगर नव्हे. आल्प्समधल्या गावांचा फेब्रुवारी हा स्कीइंगचा भर मोसम असतो. ऑस्ट्रियातल्या शाळांना त्याच महिन्यात आठवडाभराची सुट्टी असते, आणि घरंच्या घरं डोंगरात जातात. म्हणजे ज्या आठवड्यात व्हिएन्नातली खोली स्वस्त, त्याच आठवड्यात डोंगराळ तिरोल प्रांतातली महाग. स्वित्झर्लंडचं गणितही हेच. नणंदेचा बर्फ त्यात गेला. (तो तिला नंतर व्हिएन्नाच्या रस्त्यावर फुकट मिळाला.) व्हिएन्नातही एक आठवडा जपून निवडावा लागतो. कॅथलिक उपवासपर्वाच्या आदल्या गुरुवारी तिथल्या राज्य ऑपेरागृहात सुप्रसिद्ध नृत्यसमारंभ होतो. प्रेक्षागृहातल्या खुर्च्या काढून तिथे नाचायची जमीन केली जाते, त्यामुळे त्याच्या आगेमागे काही दिवस ऑपेरा बंद. ही तारीख दरवर्षी बदलते. विमानाचं तिकीट काढण्याआधी ती बघायची.

आता प्रत्यक्ष आखणी. आठ रात्री हाताशी असतील तर व्हिएन्नात पाच आणि बुडापेस्टमध्ये तीन. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथे सामान हलवायचं नाही. विमान उतरायचं व्हिएन्नात आणि परतीचं धरायचं बुडापेस्टहून, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरण्यात दिवस जात नाही. हॉटेल बदलणं हा हिवाळ्यातला सर्वांत महागडा व्यवहार आहे. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढची दुपारी दोन-तीनला मिळणार, मध्ये गाडी. उजेडाचा निम्मा दिवस बॅग ओढण्यात जातो. यावर माझा तोडगा असा: उजेड आपला, अंधार रेल्वेचा. बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकायच्या, पाच वाजेपर्यंत शहर बघायचं आणि दिवे लागल्यावर गाडीत बसायचं. बुडापेस्टमधली खोली केलेती स्टेशनच्या किंवा मेट्रोच्या जवळ घ्यायची, म्हणजे रात्री निसरड्या फुटपाथवर फार चालावं लागत नाही. आणि हो, घड्याळ दोन्हीकडे एकच असलं तरी बुडापेस्ट पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य व्हिएन्नापेक्षा दहा मिनिटं आधी मावळतो. नणंद म्हणाली, “आता दहा मिनिटांचाही हिशोब का?” भूगोलाच्या बाईबरोबर आलीस, म्हटलं.

हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसा एकच लागतो. अर्ज कोणाकडे करायचा, हे जिथे जास्त रात्री राहणार त्यावर ठरतं. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. म्हणून रात्रींची वाटणी आधी पक्की करावी, मग अर्ज. तो सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत तरी द्यावाच लागतो. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. या दोन्हींत ऑफ-सीझनची सवलत नसते. बचत होते ती खोलीच्या भाड्यात आणि विमानात, तेव्हा ‘हिवाळ्यात सगळंच निम्म्यात’ असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून तसं लिहून घ्या. आणि सीमेवर थांबावं लागत नसलं तरी पासपोर्ट खिशात हवा. गाडीत कधीमधी तपासणी होते.

मग उरलेल्या अंधाराचं काय करायचं? माझ्या मते हिवाळी सहलीची खरी कमाई इथेच आहे. पाचनंतरचे तास हे तिथल्या माणसांचे तास आहेत, आणि हिवाळ्यात ते आपल्यालाही मिळतात. व्हिएन्नाचं राज्य ऑपेरागृह जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं; उन्हाळ्यात जाणारा पर्यटक त्याचा फोटो काढून परततो. फेब्रुवारीत तिथे जवळजवळ रोज काहीतरी चालू असतं आणि उभ्याने पाहायची तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात. उभ्याच्या जागेत पुढच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची तिथली जुनी रीत आहे. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो तसंच. नणंदेला हे सांगावं लागलं नाही. तिने मफलर बांधला आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. पहिला अंक उभ्याने ऐकला, दुसऱ्याला आम्ही भिंतीला टेकलो. कळलं फार नाही, पण शेजारची म्हातारी डोळे मिटून ऐकत होती ते पाहून आम्ही गप्प उभ्या राहिलो.

कलेतिहास संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. आम्ही तिथे मुद्दाम अंधार पडल्यावर गेलो. पीटर ब्रॉयगलचं १५६५ सालचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र तिथे आहे. थकलेले शिकारी, मान खाली घालून चालणारी कुत्री, खाली दरीत गोठलेल्या तळ्यावर खेळणारी चिमुकली माणसं. दिवसभर त्याच रंगाच्या आकाशाखाली हिंडून आल्यावर ते चित्र परक्या देशाचं वाटत नाही. मेमध्ये टी-शर्टवर त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला त्यातली थंडी डोळ्यांनी दिसते. आमच्या बोटांना ती अजून जाणवत होती. तिथून बाहेर पडलं की चालत थोड्या अंतरावर महापालिकेसमोरच्या चौकात बर्फाचं मैदान असतं. जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत संध्याकाळी सगळं गाव तिथे पायाला स्केट बांधून फिरतं. आम्ही कडेला उभ्या राहून जर्दाळूचा मुरंबा भरलेले क्रापफन खाल्ले. हे गोल तळलेले पाव उपवासपर्वाआधीच्या कार्निव्हलचं खाणं. अंडं चालत नसेल त्यांनी लांबूनच पाहावेत.

बुडापेस्टमध्ये अंधाराचा उपयोग आणखी चांगला होतो. शहराखाली गरम पाण्याचे साठे आहेत, कारण त्या खोऱ्यात पृथ्वीचं कवच पातळ आहे आणि उष्णता वर लवकर पोहोचते. १९१३ साली उघडलेल्या सेचेनी स्नानगृहात विहिरीतून येणारं पाणी सत्तर अंशांच्या वर असतं; ते निववून उघड्यावरच्या कुंडांत सोडतात. बाहेर शून्याच्या आसपास, पाणी उबदार, वर वाफ, आणि त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडालेले आजोबा बुद्धिबळ खेळताहेत. जुलैत हेच कुंड म्हणजे पोहण्याचा एक तलाव, एवढंच. त्याची खरी गंमत बाहेर कडाका असताना. नणंदेची अडचण निराळी होती. “मी माहुलीच्या घाटावर साडीत बुडी मारणारी बाई. तो पोहायचा वेश मला जमायचा नाही.” शेवटी पायघोळ, लांब बाह्यांचा पोहण्याचा वेश पुण्यातून विकत नेला. पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटाला ती लाजत होती. तासाभराने तिला बाहेर काढायला मला हाका माराव्या लागल्या.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही जाहिरातच केली असं होईल. हिवाळ्यात बऱ्याच गोष्टी बंद असतात. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा डॅन्यूबमधून जाणारी नियमित बोट वसंत ते शरद एवढीच चालते. व्हिएन्नातल्या शोनब्रून राजवाड्याची कारंजी कोरडी असतात आणि गुलाबांचे ताटवे म्हणजे काड्या. आकाश दिवसचे दिवस करडं राहतं. फोटोत निळं आकाश हवं असेल त्याने जाऊ नये. ऑस्ट्रियात रविवारी वाणसामानाची दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-फळं घेऊन ठेवायची. अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं मिळतं. बुडापेस्टचं गेलेर्त स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, जुन्या पुस्तकांत पाहून तिकडे जाऊ नका. ब्रातिस्लाव्हात हालुश्की मागवताना ‘वरचं डुकराचं मांस नको’ हे आधी सांगावं लागतं. मग बटाट्याचे ते गोळे आणि मेंढीच्या दुधाचं चीज मजेत खाता येतं.

आणि घसरण्याची भीती. आमच्या वयाला ती खरी भीती आहे, थंडीहून खरी. ऑस्ट्रियात घरमालकाने आपल्यासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात हटवलाच पाहिजे असा कायदा आहे, आणि लोक तो पाळतात. फुटपाथवर बारीक खडी पसरलेली असते. तरी पायात खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेतच. कोटावर खर्च कमी केला तरी चालेल, बुटांवर नको. भिंतीला तिरके टेकवलेले दांडे दिसले तर त्या बाजूने चालू नये. छपरावरचा बर्फ खाली येईल अशी ती खूण असते.

एवढं असूनही हिवाळाच का, असं विचारणाऱ्यांना मी व्हेनिसकडे बोट दाखवते. त्या शहराने २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं फिरून जाणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क लावलं. हे दिवस वसंत-उन्हाळ्यातले असतात. हिवाळ्यात शुल्क नाही. उन्हाळ्यात आम्हाला तुमचा भार होतो, हे शहरांनी आता पावती फाडून सांगायला सुरुवात केली आहे. जिथे आपण ओझं आहोत तिथे धक्के खात फिरण्यापेक्षा, जिथे कॉफीगृहातला वेटर पाण्याचा पेला पुन्हा भरून जातो आणि तासभर उठवत नाही, अशा वेळी जाणं मला मानाचं वाटतं.

मेमधला युरोप सुंदर असतो, हे मी नाकारत नाही. पण मे महिना शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या घरात दहावी-बारावी असते, त्यांना दुसरी मोकळी सुट्टीच नाही. आपल्याला, म्हणजे पेन्शनवाल्यांना आणि ज्यांची पिल्लं उडून गेली त्यांना, बारा महिने मोकळे आहेत. तरीही आपण मेमध्येच त्या तरुण आईबापांच्या पुढे रांगेत उभे राहतो, विमानाचे भाव चढवतो आणि गर्दीच्या नावाने बोटं मोडतो. निदान आपण तरी तो महिना सोडून द्यावा.

सहल कंपन्यांकडे माझी मागणी एकच आहे. हिवाळी सहलीच्या पत्रकात प्रत्येक दिवसापुढे त्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ छापा, आणि त्या हंगामात काय बंद असेल त्याची यादी द्या. याला खर्च नाही. घरोघरी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजचा सूर्योदय-सूर्यास्त पाहणारे आपण लोक. लाखो रुपये भरून घेतलेल्या दिवसांत उजेड किती, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ती वेळ छापली की ‘आठ दिवसांत सात देश’ हिवाळ्यात कोणाला विकता येणार नाही. आणि गिऱ्हाइकांनीही पत्रक हातात आल्यावर देश मोजायच्या आधी तास मोजावेत. फेब्रुवारीचा अर्ज ऑगस्टपासून करता येतो. हिशोब मांडायला वेळ भरपूर आहे.